पान न वाढणारी बांधणी

मास्तरांच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारायचं, आणि तो ऐकला की मास्तरांच्या कपाळाला आठी पडायची. बाइंडिंगचे प्रकार कोणकोणते, आणि कितीला पडेल? जसं काही हे दुकान नसून चौकशीची खिडकीच आहे. भिंतीवर दरपत्रक टांगलेलं होतं, मोठ्या अक्षरांत, काचेत घातलेलं. पण शिकल्यासवरलेल्या माणसाला भिंतीवरचं वाचायचं म्हटलं की कमीपणा वाटतो, असं मास्तरांचं ठाम मत होतं. समोर कॉलेज आणि मागच्या अंगाला कोर्ट, त्यामुळे असल्या शहाण्यांना तोटा नव्हता. मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. गिऱ्हाइकाला ते वर्गातल्या ढ मुलासारखं झापायचे, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. त्यांना ते मनापासून आवडायचं.

प्रश्नाचं उत्तर मात्र ते द्यायचे, आणि ते ऐकण्यासारखं असायचं. स्पायरल म्हणजे कडेने भोकं पाडून प्लास्टिकची कॉइल फिरवायची. सगळ्यात स्वस्त, एक वेळच्या चहा-बिस्किटांच्या पैशात होतं, आणि ज्याची स्वतःच्याच लिखाणावर खात्री नाही त्याला शोभून दिसतं. त्याच्या दुपटीत गरम सरसाची बांधणी. दिसते थेट पुस्तकासारखी, आणि दोनदा उघडली की पानं हातात येतात. मग रेक्झिनची जिल्द, वर सोनेरी अक्षरं. आत तोच सरस, पण सोन्याकडे बघताना आत कोण बघतो? आणि सगळ्यात वर दोऱ्याची खरी शिवण. तिचा दर ऐकला की बहुतेक जण घसा खाकरून स्पायरलकडे वळायचे. मास्तर तेव्हा हसायचे. गिऱ्हाईक किती पाण्यात आहे हे त्यांना त्या खाकरण्यावरूनच कळायचं.

त्यांनी जन्मभर प्रबंध बांधले आणि एकही वाचला नाही. वाचण्यासारखं त्यात काही नसतं, हे त्यांना न वाचताच ठाऊक होतं. समोरच्या कॉलेजच्या कपाटात ते प्रबंध जाऊन बसायचे आणि पुन्हा कुणी त्यांना हात लावायचं नाही. वकिलांच्या कागदांबद्दल तर बोलायलाच नको.

शिवणीचं काम मास्तरांची बायको करायची. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल होतं, टेबलावर दाभण, मेण लावलेला दोरा आणि पानं आवळून धरायचा लाकडी चाप. पूर्वी मास्तरही शिवायचे, पण कटिंग मशीनने उजव्या हाताच्या दोन बोटांतला जीव नेला, तेव्हापासून त्या हातात सुई ठरत नव्हती. दुकान जे काही होतं ते बायकोच्या हातावर होतं. हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, आणि तिला ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. उलट तिचा दोरा सैल, तिचं काम मंद, तिला चार माणसांत बोलायची अक्कल नाही, हे मात्र रोज बोलून दाखवलं जायचं. दुसऱ्या गावी दिलेली लेक आईला सारखी बोलवायची, ये, काही दिवस तरी राहा. बायको हो-नाही काहीच म्हणायची नाही. ती जाईल की काय, ही एकच धास्ती मास्तरांच्या मनात होती, आणि ती लपवायला ते तिला आणखीच टाकून बोलायचे.

त्या बाई आल्या तेव्हा दुपारची सुस्त वेळ होती. साठी ओलांडलेल्या, इस्त्रीची साडी, स्टुलावर बसून मांडीवर घेतलेली कापडी पिशवी आणि पिशवीत फितीने बांधलेला कागदांचा गठ्ठा. एका सरकारी कार्यालयात टाइपिस्ट होत्या, आता निवृत्त. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, प्रकार कोणकोणते, आणि मास्तरांनी सवयीने तोंडाचा पट्टा सोडला. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी जे विचारलं ते मास्तरांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"यातल्या कशात मागाहून पान घालता येत नाही?"

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. स्पायरलमध्ये हवं तेव्हा घालता येतं, म्हणाले, कॉइल फिरवून काढायची, पान सरकवायचं. सरसाच्या बांधणीतही खटपट करून चिकटवता येतं. शिवणीत मात्र नाही. दोरा कापल्याशिवाय एक पान आत जात नाही की बाहेर येत नाही. बाईंनी लगेच शिवण सांगितली. दर विचारलाही नाही, आणि त्यामुळे मास्तरांचा हिरमोड झाला.

"आणि शेवटी कोरं पान नको," बाई म्हणाल्या. "एकही नको."

आता मात्र मास्तरांना आपलं ज्ञान पाजळायची संधी मिळाली. पुस्तकाच्या पुढे-मागे कोरा कागद असतो तो शोभेसाठी नसतो, हे त्यांनी सावकाश, शब्द फोडून सांगितलं. त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याला चिकटवतात, अर्धा सुटा राहतो. त्याच्याच आधाराने पुठ्ठा आणि पानं एकमेकांना धरून राहतात. तो काढला तर हातात नुसता पुठ्ठा राहील. बाई विचारात पडल्या. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत म्हणाल्या की मग तो कागद काळा घ्या, दोन्ही बाजूंनी काळा. ज्यावर काही उमटणार नाही असा.

मास्तरांनी हो म्हटलं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय भरलंय ते काढायची फी ते घेत नव्हते. कुणाचं लिखाण आहे हे त्यांनी उगाच विचारलं.

"दादांचं. माझे थोरले भाऊ. ते सांगायचे, मी टाइप करायची. आत्मचरित्र म्हणायचे ते." बाईंनी गठ्ठ्याच्या फितीची गाठ चाचपली. "गेले ते. मागच्या वर्षी."

"वाईट झालं," मास्तर म्हणाले, आणि पावतीपुस्तक ओढलं.

"शेवटची पानं मी टाइप केलेली नाहीत," बाई म्हणाल्या. "मशीन तर मी त्यांच्यामागे लगेच विकून टाकलं."

मास्तरांनी मान हलवली. एकटं राहून माणसांचं असं होतं. बाईंचं पुढचं बोलणं त्यांनी अर्धवट ऐकलं, पण त्याचा मथितार्थ एवढाच होता की त्यांना धाकट्या बहिणीकडे कायमचं राहायला जायचंय, उद्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय, आणि हे पुरं बांधून झाल्याशिवाय त्यांच्याच्याने घराबाहेर पाय टाकवत नाही. आधी दोनदा तिकीट काढून रद्द केलं होतं. आजच करून द्याल का, मी बसते, असंही म्हणाल्या. मास्तरांनी त्यांना सांगितलं की खळ वाळायला रात्रभर दाब लागतो, हा काही झेरॉक्सचा धंदा नाही. बाई उठल्या. दारापाशी वळून त्यांनी दुकानभर नजर फिरवली. कपाटात कागदाची रिमं, फळीवर रिमं, जमिनीवर रिमं.

"इथे कोरा कागद फार आहे," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

मास्तरांनी गठ्ठा सोडला. पानं सारखी करताना नजर पडली, आणि जन्मात पहिल्यांदा ते गिऱ्हाइकाचे कागद वाचायला लागले. टाइपरायटरचं जुनं छापील अक्षर होतं, त्यातला ल ओळीच्या जरा खाली घसरलेला, दर ठिकाणी तसाच. सुरुवातीला त्या दादांची नोकरी, बढत्या, साहेब लोक. आणि प्रत्येकाची यथास्थित हजामत. कुणाचीही गय नव्हती. मास्तरांना मजा वाटायला लागली. असं रोखठोक लिहिणारा माणूस त्यांना कुठे भेटला नव्हता. शेवटाकडे मात्र साहेब संपले आणि नुसती बहीण उरली.

"आज दूध उतू घालवलं. बोलून उपयोग नाही. जिला ऐकू येतं पण कळत नाही तिला बोलणार काय." पुढच्या पानावर, "धाकटीचा फोन आला. दादा गेले, आता तरी ये म्हणते. ही आवरायला घेईल, पिशव्या काढेल, पुन्हा ठेवून देईल. जायला पाय लागत नाहीत, धीर लागतो."

मास्तर खो खो हसले. बायकोने आतून विचारलं काय झालं, तेव्हा त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. ती हसली नाही. तिने पानं हातात घेतली, थोडी वाचली आणि एवढंच विचारलं की हा माणूस गेलाय म्हणालात ना, मग फोनचं कुणी लिहिलं? मास्तर म्हणाले, त्या बाईनेच लिहिलंय, दुसरं कोण. मशीन विकलं म्हणते ते काही आपण बघायला गेलो नव्हतो.

बायकोने पानं शिवून दिली. आरपार टोचून, दोरा ओढून ओढून, बोटं लाल होईपर्यंत. शिवून झाल्यावर म्हणाली, "तेवढा काळा कागद आणा हं. त्यांनी सांगितलंय."

काळा कागद दुकानात नव्हता. त्याला कागदबाजारात जावं लागलं असतं, आणि एका वेडसर बाईच्या दोन तावांसाठी मास्तर उन्हात जाणाऱ्यांतले नव्हते. शिवाय हात सवयीने चालतो. त्यांनी नेहमीचा पांढरा कागद घडी घालून पुढे-मागे लावला, पुठ्ठा चढवला, पुस्तक दाबाखाली घातलं आणि चाक फिरवून आवळलं. बाई बघतील तेव्हा बघतील. काळा संपला होता म्हणायचं. गिऱ्हाईक काय, काही सांगितलं तरी घेतं.

सकाळी दाब सोडला. जिल्द उत्तम वाळली होती. नव्या पुस्तकाची पाठ सैल करायला पुठ्ठा उघडून पहिली-शेवटची पानं दाबतात, तसं मास्तरांनी केलं. शेवटच्या कोऱ्या पानावर टाइप केलेलं होतं.

आधी त्यांना वाटलं, शेजारच्या पानाची शाई ओलाव्याने उतरली असेल. असं होतं. पण उतरलेली अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात, आणि ही सरळ होती. ल ओळीच्या खाली घसरलेला होता.

"बॅग भरून झाली. तिला वाटतं बांधलं म्हणजे संपलं. आज ती स्टेशनवर जाईल, फलाटावर बसेल, गाडी समोरून निघून जाईल आणि ही घरी परत येईल. कुलूप तिच्याच्याने एका हाताने उघडत नाही, सामान जमिनीवर ठेवावं लागेल."

मास्तरांनी बायकोला हाक मारली नाही. टाइपरायटर दुकानात नव्हता, अख्ख्या गल्लीत नसेल. रात्री कुलूप त्यांनीच लावलं होतं आणि सकाळी त्यांनीच काढलं होतं. कुणीतरी आपली फजिती करतंय, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. कोण आणि कशी, याचा विचार पुढे ढकलला. ब्लेडने पान मुळाशी कापून कात्रणाच्या पोत्यात टाकलं. जागेवर दुसरं पांढरं पान चिकटवलं आणि पुस्तक पुन्हा दाबाखाली सरकवलं. समोर खुर्ची घेऊन बसले. दुपारपर्यंत हलले नाहीत, गिऱ्हाइकांना बसल्या जागेवरून वाटेला लावलं.

दुपारी चाक फिरवलं.

पानावर मोजक्याच ओळी होत्या. "बाइंडर शहाणा आहे. काळा कागद लावला नाही. लोकांची पायरी ओळखतो. असा माणूस मला आधी भेटायला हवा होता."

मास्तरांच्या मानेवर घाम आला. आणि खोटं कशाला बोला, त्या घामातही कुठेतरी त्यांना बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांना शहाणं कुणी म्हटलं नव्हतं.

मग मात्र ते उठले. पान कापलं, चुरगाळलं, पोत्यात कोंबलं आणि भर उन्हात कागदबाजार गाठला. परत येऊन दोन्हीकडचा पांढरा कागद सोलून काढला, काळा लावला, कडेकडेने बोट फिरवून खळ बसवली आणि संध्याकाळपर्यंत मिळेल तेवढा दाब दिला. बायको दारात उभी राहून बघत होती. कालच लावायचा होता ना, असं ती म्हणाली नाही, आणि ती म्हणाली नाही याचाही मास्तरांना राग आला.

संध्याकाळी बाई बॅग घेऊनच आल्या. पुस्तक उघडून शेवटच्या काळ्या कागदावरून तळहात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग त्यांचे खांदे खाली आले.

"सुटं काही राहिलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले.

बाईंनी ठरलेले पैसे दिले, मास्तरांच्या बायकोला आत जाऊन नमस्कार केला, शिवण तुमचीच ना, म्हणाल्या, आणि बॅग उचलून स्टेशनच्या दिशेने चालू पडल्या. एकदाही मागे बघितलं नाही. पुढे महिनाभराने त्यांचं कार्ड आलं, धाकटीच्या पत्त्यावरून. बरी आहे, रात्री झोप लागते, एवढंच त्यात होतं. म्हणजे त्यांचं सुटलं.

पुस्तक गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी एक नवीन रीम फोडलं. वेष्टण कारखान्याचं, चिकटपट्टी जशीच्या तशी. वरचं पान टाइप केलेलं होतं.

"ही शिवते बरी. पण शिवणं म्हणजे काय, दाभण आत घालायचं आणि बाहेर काढायचं. आज सकाळी निघताना तिने चपला उलट्या घातल्या आणि दारात उभी राहून हसली. कशाला हसली? हसण्यासारखं आपल्यात काय आहे हे तिने कधी आरशात बघितलं असतं तर हसली नसती."

मास्तरांनी पान पालथं घातलं. चपलांचं खरं होतं. त्या वेळी दारात ते दोघंच होते. आणि आरशाचं जे होतं ते मास्तरांच्या मनात आलं होतं, अगदी त्याच शब्दांत, पण कुलूप लावायच्या गडबडीत बोलायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर रोज एक पान. कधी रिमाच्या वर, कधी पुठ्ठ्याच्या अस्तरासाठी कापून ठेवलेल्या तावांत, एकदा पावतीपुस्तकाच्या मागे. मास्तर बायकोच्या आधी दुकानात यायला लागले. पान शोधायचं, वाचायचं, खणात दडवायचं. फाडून बघितलं, दुसऱ्या दिवशी तेच पान पहिल्या शब्दापासून, आणि पाठोपाठ नवं. जाळून बघितलं, तेच. सगळं बायकोबद्दल. तिचं चालणं, खाताना तिचं आवाज करणं, लेकीचा फोन आला की तिचा उजळणारा चेहरा. "लेकीकडे गेली तर तिथेही सगळ्यांना नकोशी होईल. इथे निदान सवय आहे." त्यातलं एकही वाक्य मास्तरांना परकं वाटत नव्हतं. ल तेवढा दादांचा होता.

हे थांबवायचा उपाय मास्तरांना ठाऊक होता. पानं शिवायची, काळा कागद लावायचा. पण शिवणार कोण? त्यांनी बायको नसताना एकदा दाभण हातात घेऊन बघितलं. बोटांतून निसटून ते जमिनीवर पडलं, तीनदा. गावात दुसरा बाइंडर होता, पुलापलीकडे, ज्याला मास्तर जन्मभर चपलाशिव्या म्हणत आले होते. एका सकाळी ते गठ्ठा काखेत मारून त्याच्या दुकानापर्यंत गेले. तो बसलेला दिसला, चष्मा नाकावर, कुणाचीतरी पानं उलटताना. वाचत होता. मास्तर आल्या पावली माघारी फिरले.

शेवटी त्यांनी बायकोसमोर गठ्ठा ठेवला. पानं पालथी, वर फीत.

"एवढं शिवून दे. गिऱ्हाइकाचं खासगी आहे, वाचू नकोस."

बायकोने मान डोलावली. पण ती कधीही शिवायच्या आधी प्रत्येक पान उलटून क्रम बघायची, एक पान मागे-पुढे होऊ द्यायची नाही, आणि हात सवयीने चालतो. मास्तर पुढे गिऱ्हाइकाला स्पायरल आणि शिवण यातला फरक सांगत होते. मागच्या खोलीतून पानं उलटायचा आवाज येत होता. मग तो आवाज मंदावला. मग थांबला.

गिऱ्हाईक गेल्यावर ते आत गेले. ती खिडकीपाशी बसली होती. चाप उघडाच होता.

"हे कधी लिहिलंत?"

"मी नाही लिहिलं." मास्तरांनी वरचं पान उचलून तिच्यापुढे धरलं. "अगं, ते त्या बाईचे दादा. अक्षर बघ."

"अक्षर मशीनचं आहे. बोलणं तुमचं आहे."

"शपथ घेऊन सांगतो, मी हात लावलेला नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखाद्या पानाचा क्रम लागत नाही तेव्हा ती अशी बघायची.

"बरं, लिहिलं नाहीत," ती म्हणाली. "पण मनात होतं ना?"

नाही म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. एवढा एक शब्द बोलायचा होता. तो आला नाही.

"शिवून दे," ते म्हणाले. "मग हे थांबेल. एवढं शिव आणि मग हवं तर जा."

"माझ्याबद्दलचं हे मी माझ्या हाताने शिवू?"

तिने चापातलं कालचं अर्धवट काम काढलं, समोरच्या कॉलेजातल्या कुणाचातरी प्रबंध, आणि तो मात्र पुरा शिवला. गाठ मारली, दोरा कापला. दाभण पुसून डबीत ठेवलं. लेकीचं गाव लांब होतं आणि शेवटची गाडी संध्याकाळची होती. घरी जाऊन तिने पिशवी भरली. मास्तर मागोमाग आले नाहीत. ती परत येईल, तिच्यात एवढा धीर नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि वाटतावाटताच त्यांना कळत होतं की उद्याच्या पानावर हे असणार.

नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या पानावर बायकोचं नावही नव्हतं. "गेली," एवढ्या एका शब्दाने पान सुरू झालं होतं, आणि खाली सगळं मास्तरांबद्दल होतं. त्यांची बोटं, त्यांचं घामाचा वास येणारं बनियन, चहा गाळताना कपाबाहेर सांडलेला चहा, दरपत्रकाच्या काचेत स्वतःकडे बघायची त्यांची खोड. "शहाणा म्हटलं की लगेच फुलला. एवढं सोपं होतं."

तिसऱ्या दिवशीही मास्तर. चौथ्या दिवशीही.

त्यांनी लेकीकडे फोन केला. लेकीनेच उचलला. आई झोपली आहे, म्हणाली, तिला झोपू द्या, आणि ठेवला.

दुकानात आता नुसती स्पायरलची गिऱ्हाइकं येत होती. शिवण होत नाही, असं मास्तर सांगायचे, आणि कुणाला झापायचे नाहीत. एका सकाळी त्यांनी खणातला सगळा गठ्ठा बाहेर काढला, बायकोबद्दलची पानं आणि स्वतःबद्दलचीही, टेबलावर ठोकून चारी बाजूंनी सारखा केला. त्या दिवशीचं पान त्यांनी अजून वाचलं नव्हतं. तसंच सगळ्यात शेवटी ठेवलं. मशीनमध्ये घालून कडेने भोकं पाडली.

मग कॉइलची पेटी उघडली. बारीक, मध्यम, जाड. आजच्या गठ्ठ्याला मध्यम पुरली असती. मास्तरांनी सगळ्यात जाड कॉइल काढली आणि सावकाश फिरवायला लागले.